टाकीतील पाणी मोजणारा संवेदक निवडताना

ऐरोलीतील आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीत पाणी किती उरले आहे हे झाकण न उघडता कळावे, आणि तेही वीजजोडणी न ओढता केवळ बॅटरीवर, म्हणून मी अल्ट्रासॉनिक संवेदक, म्हणजे कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारे उपकरण, शोधू लागलो.

स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा एचसी-एसआर०४ हा पहिला पर्याय होता. त्याचे मोजमाप क्षणार्धात होते, कारण दोन मीटरवरून प्रतिध्वनी परतायला सुमारे १२ मिलिसेकंदच लागतात. बॅटरीची खरी गळती होते ती दोन मोजमापांमधल्या रिकाम्या वेळेत. तो नुसता बसून सुमारे २ मिलिॲम्पिअर घेतो असे धरले, तर २००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी जेमतेम ४२ दिवस पुरते. म्हणून मॉसफेट, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच, लावून दर दहा मिनिटांनी क्षणभरच वीज देणे मला अपरिहार्य वाटते. शिवाय त्याला ५ व्होल्ट लागतात, म्हणजे व्होल्टेज वाढवणारे सर्किट आलेच.

टाकीतील दमटपणाचा विचार करता मी अखेर जलरोधक जेएसएन-एसआर०४टी निवडला. त्यात एकच चकती ध्वनी सोडते आणि ऐकतेही, त्यामुळे तिचे कंपन शमेपर्यंत जवळचे, साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतले, काही दिसत नाही; संवेदक पाण्याच्या कमाल पातळीपासून तेवढा वर बसवावा लागतो.

तापमानाकडेही दुर्लक्ष नको. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३० अंशांना ३४९. दोन मीटरवर हा फरक साडेतीन सेंटिमीटरचा होतो.