सावलीचे बारा वाजले तेव्हा

डी.एड.ला असताना प्रकल्प पद्धतीवर हमखास प्रश्न यायचा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक, 1918, चार पायऱ्या: उद्देश, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. मी ते घोकून लिहिलं आणि मार्कही मिळवले. नोकरीला लागल्यावर पुढची कितीतरी वर्षं माझ्या वर्गात प्रकल्प म्हणजे थर्माकोल, रंगीत कागद आणि चकाकी. दिलेल्या तारखेला छत्तीस मुलं छत्तीस देखण्या वस्तू घेऊन यायची. 'हे कसं केलंस रे?' असं विचारलं की पोरगं दाराबाहेर उभ्या असलेल्या आईकडे बघायचं. मूल्यमापन खरं तर त्या माउलीचं चाललेलं असायचं.

एका वर्षी चौथीच्या वर्गासाठी ठरवलं की प्रकल्पातलं काहीच घरी जाणार नाही, जे करायचं ते शाळेच्या वेळात आणि मुलांच्या हातांनी. विषयाला खर्च नको होता आणि तो गुगलवरून उतरवता येता कामा नये, म्हणून सावली निवडली. 'दिवसात सावली सगळ्यात लहान कधी होते?' एवढाच प्रश्न फळ्यावर लिहिला. तिथेच मी माती खाल्ली. प्रश्न लिहून झाल्यावर सवयीने तोंडातून निघून गेलं, "म्हणजे दुपारी बारा वाजता काय होतं ते आपण बघू."

सहाजणांचे सहा गट केले. प्रत्येक गटाला एक डबा, त्यात वाळू आणि वाळूत रोवलेली काठी. जमिनीपासून टोकापर्यंतची उंची बरोब्बर 1 मीटर. काठी सरळ उभी आहे का ते बघायला दोऱ्याला दगड बांधून ओळंबा केला. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची, मोजायचं, वहीत लिहायचं. मधली सुट्टी बुडणार म्हणून थोडी कुरकुर झाली, पण डबे मैदानात गेल्यावर ती बंद पडली.

पहिला दिवस वाया गेला. पाचवीच्या मुलांचा चेंडू दोन काठ्यांना घेऊन गेला. मग डब्याभोवती खडूचं रिंगण आखायची युक्ती मुलांनीच काढली, म्हणजे डबा हलला तरी पुन्हा जागेवर ठेवता येतो. दुसऱ्या दिवशी ढग आले. तिसऱ्या दिवशी एका गटाची सावली इतरांपेक्षा सतत दीड सेंटिमीटरने कमी भरायला लागली. मी नुसतीच शेजारी बसून बघत राहिले. त्यांच्याकडे तीस सेंटिमीटरची कंपासमधली पट्टी होती, आणि मोजणारा मुलगा पट्टीची कड खुणेला लावत होता, शून्याची रेघ नाही. कड आणि शून्य यांच्यात अर्धा सेंटिमीटर कोरी जागा. सत्तरेक सेंटिमीटरची सावली मोजायला पट्टी तीनदा ठेवावी लागते, म्हणजे तीनदा अर्धा. चौथीपर्यंत या मुलाने कितीतरी रेषाखंड काढले असतील आणि मीच त्यांवर बरोबरच्या खुणा केल्या असतील. वहीत हे कधी दिसलं नसतं. (हात शिवशिवत होते, पण सांगितलं नाही. शेजारच्या गटाशी भांडता भांडता त्यांना सापडलं.)

सावलीचं टोक नेमकं कुठे संपतं यावरही वाद झाला, कारण कड धूसर असते. गडद भाग संपेल तिथे खूण करायची, असा तह झाला.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. अखेर एक दिवस सलग नोंदी मिळाल्या. वर्गात तक्ते मागितले तर एका गटाचा तक्ता अगदी सुबक होता. बाराला सावली 71, तिथून दोन्हीकडे एकेका सेंटिमीटरने वाढत गेलेली. मी तो सगळ्यांना दाखवला आणि वर म्हटलं, "बघा, अशा नोंदी हव्यात."

बाकीच्या पाच गटांनी खोडरबर काढले.

एक मुलगी मात्र खोडेना. तिच्या वहीत बाराला 77 होते. पुढे 75, 73, 72, मग 71, 71, 71, मग पुन्हा 72, 73. ती हळूच म्हणाली, "बाई, पण बारा वाजून गेल्यावरपण आमची सावली कमीच होत होती." मी सांगितलं, काठी वाकडी असेल. असं उत्तर द्यायला मला दोन सेकंदही लागले नाहीत.

घरी गेल्यावर ते 71, 71, 71 डोक्यातून जाईना. मधला 71 होता बारा पन्नासचा. त्याच्या दोन्ही बाजूंनी आकडे आरशात बघितल्यासारखे सारखे. आणि काठी एवढी वाकडी असती तर ओळंब्याला कळलं नसतं का?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः एका काठीपाशी बसले आणि सगळ्या वर्गाला भोवती बसवलं. बारा वाजले, सावली अजून लांबच. साडेबाराला एकजण म्हणाला, "बाई, घड्याळ पुढे आहे वाटतं." तो उत्तराच्या अगदी जवळ आला होता. एक वाजायला दहा मिनिटं असताना सावली तळाला पोचली.

मग मला नीट वाचून यावं लागलं. आपलं घड्याळ सगळ्या देशासाठी एकाच रेखांशावर लावलेलं असतं. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणून त्या रेखांशाच्या जितकं पश्चिमेला राहावं तितका सूर्य माथ्याच्या रेषेवर उशिरा येतो. त्यात पुन्हा सूर्यही घड्याळाइतका नेमाने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो जवळपास 14 मिनिटं मागे असतो. मुलांना मी यातलं निम्मंच सांगितलं, पृथ्वीगोल आणि टॉर्च घेऊन. पण त्याआधी 'बारा वाजता' हे मी न मोजताच बोलले होते आणि ते चूक होतं, एवढं सांगितलं. वर्ग क्षणभर गप्प झाला, मग फारच खूश झाला.

आता राहिला त्या सुबक तक्त्याचा प्रश्न. गटाने लगेच कबूल केलं की अर्ध्या नोंदी मोजल्याच नव्हत्या. "तुम्हीच म्हणालात ना बाई, बाराला." मी त्यांना रागावले नाही. रागवायला तोंडच नव्हतं. त्यांना पुन्हा मोजायला लावलं आणि मार्क दुसऱ्या तक्त्यावर दिले. मार्कांचं म्हणाल तर कोष्टकात 'सादरीकरण' आणि 'सुबकपणा' असे रकाने होते, 'खोडलं नाही' असा नव्हता. त्या मुलीचे मार्क कुठल्या रकान्यात टाकायचे यावर मी बराच वेळ पेन घेऊन बसले आणि शेवटी वहीत एक ओळ लिहून दिली.

प्रकल्प संपला असं मी धरून चालले होते. मार्चच्या सुरुवातीला तीच सहाजणं मधल्या सुट्टीत डबा घेऊन आली. बारा पन्नासला सावली 47 भरली होती. महिन्यात तब्बल 24 सेंटिमीटर कमी. मी विचारलं, नीट मोजलंत ना?

"हो बाई," तीच मुलगी म्हणाली, "आधी काठी मोजली. ती तेवढीच आहे."