काकूंचे ५८० मिलिलिटर

गुडघा बदलण्यासाठी कमरेत भूल दिली की पायांबरोबर मूत्राशयही काही तास बधिर होते आणि ते तुडुंब भरले तरी रुग्णाला कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेली लघवीची नळी काढल्यानंतर रुग्ण लघवी करून आला की लगेच ब्लॅडर स्कॅनरने आत किती उरली ते पाहतात. इंदूरच्या ज्या खासगी रुग्णालयात मी परिचारिका आहे, तिथे तीन वॉर्डांत मिळून असे एकच यंत्र आहे, आणि ते चार्जिंगला लावायचे बहुधा कुणाचे तरी राहिलेले असते.

त्या रात्री रामबागेतल्या सत्तरीच्या एक काकू होत्या. त्यांचे गर्भाशय पूर्वीच काढलेले होते. अशा बाईसाठी यंत्रावर ‘पुरुष’ निवडायचे असते, कारण ‘स्त्री’ निवडले की यंत्र गर्भाशय आहे असे धरून मोजते. आमच्यातल्या निम्म्या जणींना हे ठाऊक नाही. मला आहे, आणि त्याचा मला अंमळ गर्वही होता. ओटीपोटाच्या हाडापासून दोन बोटे वर भरपूर जेल लावून मी यंत्राचा पोटावर टेकवायचा भाग, म्हणजे प्रोब, माकडहाडाच्या दिशेने कलता धरला, पडद्यावरची काळी आकृती फुलीच्या बरोबर मध्यावर आणली आणि तीनदा मोजले. तिन्ही वेळा ५८०च्या आसपास आकडा आला.

“अगं पोरी, मी आत्ताच मोकळी होऊन आले. मला कळतंय ना,” काकू म्हणाल्या. भूल पुरती उतरलेली नसली की असे वाटते, असे मी त्यांना समजावले. वास्तविक त्यांची २५० मिलिलिटर लघवी मीच भांड्यात मोजली होती. डॉक्टरांनी फोनवर “नंबर कितना है?” एवढेच विचारले, कारण आकड्यापलीकडे त्यांना काही ऐकायचे नसते, आणि नळी घालायला सांगितली. नळीतून ४० मिलिलिटर आले. पुन्हा स्कॅन केले, तर ५५०. नळी नीट बसली नसेल, पुन्हा घाला, असे फर्मान आले. दुसऱ्या वेळी काकूंनी पलंगाचा कठडा घट्ट धरला, थेंबभरही लघवी आली नाही आणि बाहेर काढलेल्या नळीच्या टोकाशी रक्ताची बारीक रेघ होती.

सकाळच्या सोनोग्राफीत अंडाशयाची पाण्याने भरलेली मोठी गाठ दिसली. तिच्याखाली मूत्राशय चपटे, रिकामे पडले होते. हे छोटे यंत्र द्रवाची पोकळी शोधून तिचे आकारमान सांगते; ती पोकळी मूत्राशयाची आहे, जलोदराची आहे की गाठीची, हे त्याला ओळखता येत नाही. प्रशिक्षणात हे आम्हाला सांगितले होते. पहिल्या नळीतून लघवी आली, याचा अर्थच ती मूत्राशयात पोचली होती, आणि पोचलेल्या नळीमागे सहसा साडेपाचशे उरत नाहीत. एवढा साधा हिशेब मला त्या रात्री का सुचला नाही, हे अजून उमगत नाही. तक्त्यावर दोन्ही आकडे माझ्या सहीनिशी आहेत. काकू काय म्हणाल्या, ते लिहायला त्यात रकाना नाही.

सोनोग्राफीहून परत आणल्यावर मी त्यांची चादर बदलायला गेले. गाठीविषयी सांगणे डॉक्टरांचे काम होते, म्हणून मी गप्प राहिले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले आणि विचारले, “आता पुन्हा नाही ना घालणार?”