पिंप, पत्रा आणि अर्धा मार्क

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेतून फोन आला आणि मला आधी आठवलं ते सायकल स्टँडच्या कोपऱ्यातलं पिंप. २०० लिटरचं, लोखंडी. पूर्वी त्यात डांबर असावं, कारण कितीही घासलं तरी वास जायचा नाही. शिपाईमामा त्यातलं पाणी बागेला घालत.

१९८३ चा जुलै, आठवी ब. गणिताच्या बाईंनी विचारलं, "ते पिंप भरायला किती पाऊस लागेल?" मी हात वर करून मोकळा झालो. पिंपाची उंची ८५ सेंटिमीटर, म्हणून पाऊसही ८५ सेंटिमीटर! बाई म्हणाल्या, "अरे, पुण्यात वर्षभरात सत्तर-पंच्याहत्तर सेंटिमीटर पडतो. मग परवा एका रात्रीत पिंप भरून वाहिलं ते कसं?" वर्ग खो खो हसला.

पिंप मैदानात उघड्यावर ठेवलं असतं तर माझं उत्तर बरोबर होतं, हे मी आजही सांगतो. (बाईंनीही ते मान्य केलं होतं, पण नंतर, वर्ग सुटल्यावर.) आमच्या पिंपाचं तोंड जेमतेम दोन फुटांचं. त्यात पन्हळीतून पाणी येत होतं ते अख्ख्या पत्र्यावरचं. म्हणजे मोजायचा होता तो पत्रा.

टेप घेऊन एकजण लगेच पत्र्यावर चढायला निघाला. "उतर आधी खाली!" बाई ओरडल्या. पत्रा उतरता आहे म्हणून पाऊस काही जास्त पडत नाही. पत्र्याखाली जेवढी जमीन झाकली जाते तेवढीच धरायची. ती आम्ही फरशीवर मोजली : ६ मीटर गुणिले ४ मीटर, २४ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर, त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १,००० घन सेंटिमीटर, बरोबर एक लिटर. म्हणजे मिलिमीटरला २४ लिटर. २०० भागिले २४, उत्तर ८.३ मिलिमीटर. ८५ सेंटिमीटरवरून थेट इथे! मला अजून आठवतं, मी भागाकार दोनदा केला.

मग पडताळा. सरळ भिंतीचा एक डबा मैदानात ठेवला आणि रोज पट्टी बुडवून नोंद. सिमला ऑफिसात, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेत, सकाळी साडेआठला पाऊस मोजतात, म्हणून आम्हीही साडेआठलाच. एका सकाळी डब्यात ९ मिलिमीटर भरलं, आणि पिंप मात्र अर्धी वीत रिकामं. गणित खोटं ठरलं म्हणून आमचे चेहरे पडले. बाईंनी आम्हाला पन्हळीखाली उभं केलं. सांध्यातून पाणी ठिबकत होतं, गुलमोहराचा पाला अडकला होता. शिवाय पहिल्या सरीचं थोडं पाणी पत्रा भिजवण्यातच जातं, काही उडून बाहेर पडतं. "शंभरातलं ऐंशी हाती येतं असं धरा," बाई म्हणाल्या. म्हणजे साडेदहा मिलिमीटर हवा.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हाच हिशेब मांडला. ३०० चौरस मीटरची गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस, त्यातले शेकडा ऐंशी : १,६८,००० लिटर, म्हणजे दहा हजारी सोळा-सतरा टँकर. लोक एकदम जागे झाले. "एवढी टाकी ठेवणार कुठे?" या प्रश्नावर पुन्हा झोपले. शेवटी पाइप बोअरवेलकडे वळवला. पार्किंगमध्ये एक पिंप मात्र मी हट्टाने ठेवलंय.

त्या सहामाहीच्या पेपरात बाईंनी हाच प्रश्न घातला होता. मी ऐटीत ८.३ लिहून दुहेरी रेघ मारली. पेपर हातात आला तेव्हा अर्धा मार्क कापलेला, आणि शेजारी लाल शाईत : "पन्हळ कोणी दुरुस्त केली?"