मेजर, किती मारले?

दर पंधरा ऑगस्टला आमच्या फॅमिली ग्रुपवर १९६२ च्या चीन युद्धातल्या रायफलमन जसवंतसिंग रावत यांचा तोच फॉरवर्ड येतोच येतो. एकट्यानं ७२ तास चिनी फौज अडवून धरली, ३०० जण मारले, सेला अन् नुरा नावाच्या दोन पोरी त्यांना मदत करायच्या वगैरे. वाचताना अंगावर काटा येतो, नाही कशाला म्हणू. पण त्यांना महावीर चक्र ज्या कामगिरीसाठी मिळालं ती सरकारी नोंद कधीतरी वाचा. तारीख १७ नोव्हेंबर १९६२, जागा आजच्या अरुणाचलमधलं नुरानांग. चिन्यांची एक मशीनगन फार जवळ येऊन त्रास द्यायला लागली म्हणून जसवंतसिंग, त्रिलोकसिंग नेगी अन् गोपालसिंग गुसाईं असे तिघं निघाले, सरपटत पार जवळ जाऊन ग्रेनेड टाकले, गन हिसकावली, अन् परत येताना दोघं गेले, गुसाईं जखमी होऊन वाचले. त्यात ७२ तास नाहीत अन् सेला-नुराही नाहीत.

आता मला सांगा, चालू मशीनगनच्या तोंडाकडं सरपटत जाणं हे कमी आहे का? त्यात अजून मसाला टाकायची गरज कुणाला पडली? त्यांच्या पलटणीला तर नक्की नाही. गरज आपल्याला पडते, बसून ऐकणाऱ्यांना.

हे मी उगीच म्हणत नाही, असली कथा तयार होताना मी समोर बसून पाहिलीय. आमच्या गावात एक मेजर आहेत, म्हणजे होते एएससीत, फौजेच्या रसद-वाहतुकीच्या खात्यात, ड्रायव्हर, हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गावात फौजी म्हणलं की मेजरच. कारगिलच्या वेळेस श्रीनगर-लेह रोडवर गाडी चालवायचे. झेंडावंदन झाल्यावर शाळेत त्यांच्या हातात माईक दिला अन् ते इतकं भारी सांगायले होते की काय बोलता. द्रासजवळ डोंगरावरून दुश्मनाला रोड दिसायचा म्हणून रात्री हेडलाईट बंद ठेवून काॅन्व्हाॅय काढायचा, पुढच्या गाडीच्या मागं खाली डिफ्रेन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला, पांढरा रंग मारलेला असतो, त्याच्यावर बारका लाईट, तेवढा पांढरा गोळा बघत बघत चालवायचं, तो दिसेनासा झाला की समजायचं एक तर तो वळला नाहीतर आपण दरीकडं चाललो. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायली होती.

तेवढ्यात सरपंच मधीच म्हणले, "ते ऱ्हाऊ द्या मेजर, किती मारले ते सांगा पोरायला."

मेजर गडबडले. इकडं तिकडं पाहिलं अन् म्हणले, "लई मारले." टाळ्या! पुढच्या वर्षी सरांनी ओळख करून देताना 'कारगिलमधे अनेक शत्रूंना कंठस्नान घालणारे' असं ठोकून दिलं अन् आमच्या मेजरनी मान खाली घालून हार घालून घेतला. पांढऱ्या गोळ्याची गोष्ट त्यानंतर कुणी विचारली नाही.

छापील आठवणींचंही मला असंच वाटतं, तिथं सरपंचाच्या जागी प्रकाशक असतो एवढंच. तीस-चाळीस वर्षांनंतर लिहिलेल्या पुस्तकात गोळीबार चालू असतानाचं पान-पानभर संभाषण शब्दन् शब्द आठवतं म्हणल्यावर माझा तर विश्वास उडतो. अन् मोठ्या साहेब लोकांच्या पुस्तकात चुकीचा हुकूम नेहमी दुसऱ्यानंच दिलेला असतो. १९६२ वर तिथली फौज सांभाळणाऱ्या जनरल कौलांनी लिहिलं अन् त्यांच्या हाताखालच्या ब्रिगेडियर दळवींनीही लिहिलं, लढाई एकच, नामका चू नदी एकच, पण एकाचं वाचून दुसऱ्याचं उघडलं की वाटतं हे दोघं वेगवेगळ्या देशात होते की काय.

बरं, मग सरकारी कागद खरा धरावा म्हणलं तर तिथंही बोंब. कारगिलमधे बटालिकला लढलेल्या ब्रिगेडियर देविंदरसिंग यांच्या ब्रिगेडच्या कामगिरीचा रिपोर्ट वरच्या साहेबानं फिरवला असं २०१० मधे आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलनंच, म्हणजे फौजेच्या लोकांच्या कोर्टानंच, म्हणलं, इतिहासात दुरुस्ती करा म्हणून सांगितलं. म्हणजे लढाईनंतर अकरा वर्षांनी! अन् ह्याच्या उलटं लडाखमधलं रेझांग ला. १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतानसिंग यांच्या कंपनीतून जे थोडे वाचून आले ते सांगत होते की आमची पोरं शेवटपर्यंत लढली, तर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. फेब्रुवारी १९६३ मधे बर्फातून मृतदेह निघाले, काहींच्या हातात अजून रायफली होत्या, तवा कुठं लोकांना पटलं. त्यामुळं 'फौजी म्हणलं की फेकणारच' असं म्हणणाऱ्यांचाही मला वैताग येतो. भारी वाटती म्हणून गोष्ट खोटी होत नाही अन् भारी वाटती म्हणून खरीही होत नाही.

पण दुसऱ्यांचं कशाला, आपलंच घ्या की. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून सुटला त्या १९४८ च्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन मिळवायला दुसऱ्या सैनिकानं 'हा माझ्यासोबत भूमिगत होता' असं लिहून द्यावं लागायचं, मग काय, बीड जिल्ह्यात इतके भूमिगत वर आले की प्रकरण हायकोर्टात गेलं, न्यायमूर्ती पालकरांचा आयोग बसला अन् शेकडो नावं बोगस निघाली. जे खरंच जेलात सडले, ज्यांनी रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा, मार खाल्ला, त्यांच्या नातवंडांकडंही लोक संशयानं बघायला लागले ते वेगळंच.

तरी बोगस माणूस कधीतरी सापडतो. जे सांगितलंच नाही ते कसं सापडणार? नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल १३ सप्टेंबरला पहिल्याच दिवशी आपल्या फौजेनं घेतला, सोलापूरकडून रणगाडे आले, १७ ला निजाम शरण, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. रझाकारांनी काय केलं तेही घरोघर माहितीय अन् ते खरंच आहे. पण त्यानंतरच्या काही आठवड्यात मुसलमान वस्त्यांमधे काय झालं ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अंदाजाप्रमाणं संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली अन् सगळ्यात वाईट हाल झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) अन् नांदेड आहेत. तो रिपोर्ट कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. मी हे पहिल्यांदा आमच्या एका मामांसमोर काढलं तर ते म्हणले, "तुला कामून पाहिजे ते?" अन् चहा सांगायला उठून गेले.

मुक्तिसंग्रामाच्या दोन-तीन स्मरणिका घरात पडून होत्या, त्या काढून बघितल्या. पूल, रणगाडे, निजामाचं रेडिओवरचं भाषण, सगळं आहे, एकात तर पुलाचा फोटोही आहे. १७ सप्टेंबर १९४८ नंतरचं पान उलटलं की डायरेक्ट १९५२ ची निवडणूक.