३५ टक्के अनुदान मिळालं, पण आधी १५०० रुपये कसे फुकट गेले ते सांगते

आधीच सांगते, मी काही मोठी उद्योजिका वगैरे नाही. सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे पूर्व भागात आमचं दोन खोल्यांचं घर, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात कामाला, सासूबाई आयुष्यभर विड्या वळत आलेल्या. कारखान्यात पाळ्या कमी झाल्या तसं मी शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं काम वाढवलं, पुण्या-मुंबईला गेलेले सोलापूरकर गावाकडे आले की किलो-किलोने न्यायचे. पण शेंगा चटणी मिक्सरात होत नाही ओ, नुसता कोरडा भुगा होतो, उखळात कांडली तरच तेल सुटून तिचा गोळा धरतो आणि उखळात मी दिवसाला कांडून कांडून कांडणार किती, चार किलोला खांदा भरून यायचा. डंख म्हणजे कांडायचं मशीन घ्यायचं होतं, शेंगा भाजायचं मशीन आणि पाकीट सील करायचं मशीन घ्यायचं होतं, पैसे नव्हते.

मोबाईलवर रोज काहीतरी यायचं, महिलांना दहा लाख, विनातारण, परतफेड नाही, लिंक दाबा. मिस्टरांच्या ओळखीतला एक जण फाईल करून देतो म्हणाला. उद्यम सर्टिफिकेटचे, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचे, १५०० घेतले आणि अनुदान आल्यावर दहा टक्के द्यायचे असं ठरलं. मी दिले की, मला काय माहीत. उद्यम नोंदणी सरकारी वेबसाईटवर एक रुपया न देता होते, फक्त आधार आणि पॅन लागतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं. बरं पैसे गेले ते गेले, त्या माणसाने नोंदणीत मोबाईल नंबर स्वतःचा टाकला होता आणि काम काय तर किरकोळ व्यापार. मी चटणी बनवते, म्हणजे उत्पादन, व्यापार लिहिलं की पुढे सगळंच अडतं. दुरुस्ती करायला गेलं की ओटीपी त्याच्या फोनवर. फोन उचलेना. शेवटी एका दुपारी डबा घेऊन त्याच्या दुकानात जाऊन बसले, ओटीपी द्या नाहीतर इथंच जेवते म्हटलं. दिला.

त्यानंतर मिस्टर म्हणाले आता थेट ऑफिसात जाऊया, कुणाला मधे घालायचं नाही. जिल्हा उद्योग केंद्रात गेलो. मी घाबरतच गेले होते पण तिथल्या एका बाईंनी नीट समजावून सांगितलं आणि तेव्हा पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला. आपण समजतो अनुदान म्हणजे सरकार पैसे हातात देणार. तसं नसतं. बहुतेक योजनांत आधी बँकेचं कर्ज, मग त्याला जोडून अनुदान. बँकेने कर्ज दिलं नाही तर अनुदान शून्य. आणि मुद्रा मुद्रा सगळे करतात त्यात तर अनुदानच नाही, ते निव्वळ कर्ज, ५० हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, त्याच्यावर तरुण. तारण लागत नाही एवढाच फायदा.

त्यांनी दोन योजना समोर ठेवल्या. एक पंतप्रधान रोजगार निर्मिती, त्यात शहरातल्या बाईला एकूण खर्चाच्या २५ टक्के अनुदान, खेड्यात असेल तर ३५, स्वतःचे फक्त पाच टक्के घालायचे, पण धंदा नवा पाहिजे. दुसरी सूक्ष्म अन्न प्रक्रियेची, लोक पीएमएफएमई म्हणतात, २०२० पासूनची, केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असा पैसा येतो, तिच्यात शहर-खेडं काही न बघता ३५ टक्के आणि जास्तीत जास्त दहा लाख, चालू धंद्यालाही मिळतं, फक्त स्वतःचे दहा टक्के घालावे लागतात. माझा धंदा चालूच होता, खाण्याचाच होता, मग हीच. आणि ही योजना उद्योग केंद्राकडे नाही, कृषी विभागाकडे! चटणीसाठी कृषी ऑफिसात जायचं हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. (कुठलीही योजना धरा, तिला मुदत असते, तेव्हा अजून चालू आहे का हे आधी विचारा, युट्यूबवरचे व्हिडिओ दोन-दोन वर्षं जुने असतात.)

कृषी ऑफिसात कळलं की या योजनेला जिल्हा संसाधन व्यक्ती नावाचा माणूस नेमलेला असतो. नाव फार जड आहे पण काम सोपं, तुमचा प्रकल्प अहवाल करून देणार, ऑनलाईन अर्ज भरणार, बँकेत पाठपुरावा करणार, आणि त्याचं मानधन सरकार देतं, आपल्याकडून काही घ्यायचं नाही. मी आपली सवयीने पर्समध्ये हात घातला तर ते सर हसले, "अहो ताई, कशाला देताव, चटणी द्या एक पाकीट." आणि याच कामाचे तो बाबा दहा टक्के मागत होता, म्हणजे माझ्या हिशोबाने अकरा हजार रुपये!

हिशोब असा बसला. डंख, रोस्टर, सीलर आणि एक पल्व्हरायझर म्हणजे दळायचं मशीन मिळून ३ लाख २० हजारांचं कोटेशन. त्याचे दहा टक्के म्हणजे ३२ हजार आमचे, बाकी २ लाख ८८ हजार बँकेचं कर्ज, आणि अनुदान पूर्ण कोटेशनच्या ३५ टक्के, म्हणजे १ लाख १२ हजार. शेंगदाणे, मिरची, पाकिटं यांना लागणारं खेळतं भांडवल अनुदानात धरत नाहीत, ते वेगळं. कोटेशन जीएसटीवाल्या दुकानदाराचंच लागतं, मी पहिलं आणलं ते साध्या पावतीवर, परत पाठवलं.

कागदांचं काय सांगू. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच. पॅन दुरुस्त करून घेतलं त्यात महिना गेला. घर सासऱ्यांच्या नावावर आणि ते वारलेले, लाईट बिल अजून त्यांच्याच नावाने येतं, मग सासूबाईंचं संमतीपत्र. फूड लायसन्सच्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये, कॅफेवाल्याने हजार मागितले, मी आता शहाणी झाले होते, भाच्याकडून घरीच भरून घेतलं.

आणि मग सिबिल, म्हणजे आपण आधीची कर्जं कशी फेडली त्याचा रिपोर्ट आणि स्कोअर, बँक तो आधी बघते. मला वाटायचं आपण कुठं कर्ज घेतलंय. निघालं काय तर चार वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेला मोबाईल, सगळे हप्ते भरले होते पण शेवटच्या कसल्या तरी चार्जचे ५९० रुपये बाकी दाखवत होते, आणि त्या ५९० पायी माझा स्कोअर खाली. कंपनीला पैसे भरले, काही बाकी नाही असं पत्र म्हणजे एनओसी मागितली, ती यायला आणि रिपोर्टमध्ये बदल दिसायला दीड महिना. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो, मी अर्जाच्या आधी बघितला असता तर हे आधीच निस्तरलं असतं.

पहिल्या बँकेने फाईल ठेवून घेतली आणि मग तारण काय देणार विचारलं. सर म्हणाले एवढ्या रकमेला तारण मागायचं नसतं, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. मी हे साहेबांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत, नुसतं पुढच्या सोमवारी या. असे पाच सोमवार झाले. मग सरांनीच अर्ज दुसऱ्या बँकेत वळवला. तिथल्या मॅडम घरी बघायला आल्या, मी उखळात कांडत होते, त्यांनी स्वतः मुसळ उचलून बघितलं, चार घाव घातले आणि हात झटकत खाली ठेवलं. आठवड्यात मंजुरी आली, मला अजून वाटतं त्या चार घावांमुळेच आली. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर सुरू केलेलं काम श्रावणात संपलं.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मनाला लागली. रांगेत बसल्या बसल्या एका मावशींनी सांगितलं, विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती असते, इयत्तेप्रमाणे वर्षाला १००० पासून २५००० पर्यंत. सासूबाईंकडे विडीचं कार्ड किती वर्षांपासून पेटीत पडून आहे. माझी नणंद फीपायी बारावीनंतर घरी बसली. सासूबाईंना मी हे सांगितलंच नाही, काय सांगायचं आता.

मशिनी आल्या. डंखाचा आवाज इतका की शेजारच्या काकूंशी ठरवून घेतलंय, दुपारी एक ते चार बंद. दिवसाला पंधरा-वीस किलो निघते आता. हप्ता सहा हजारांच्या आसपास, दर महिन्याच्या १० तारखेला, आत्तापर्यंत एकही चुकला नाही कारण चुकवून चालतच नाही. अनुदान आलंय पण ते माझ्या नावाच्या वेगळ्या खात्यात बँकेत अडकवून ठेवलंय, तीन वर्षं धंदा चालू राहिला आणि खातं थकीत गेलं नाही तरच ते कर्जात वळतं करणार. तोपर्यंत दिसतं, हात लावता येत नाही. सासूबाईंचा यावर काही विश्वास नाही, दर महिन्याला पासबुक भरून आणलं की चष्मा लावून तो आकडा शोधतात, बोट ठेवतात आणि मला विचारतात, "अजून हाय न्हवं?"