गोकू बाजूला ठेवून

ॲनिमेवरच्या एका फायटिंग गेमबद्दल मी एकदा घाईने बोलले आणि ते मला लागून राहिलं. तेच आवाज, तेच कपडे, तीच सुरुवातीची धून. दोन संध्याकाळी खेळून मी मैत्रिणीला सांगितलं, डोळे झाकून घे. महिनाभरात तिच्या लक्षात आलं की पात्रांचे चेहरे तेवढे वेगळे, खेळायला सगळी सारखीच. तिचे पैसे माझ्या शब्दावर गेले होते. म्हणून तिने पुन्हा मलाच ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’बद्दल विचारलं, तेव्हा मी तिच्याकडून तीन आठवडे मागून घेतले.

गेम तसा नवा नाही. गोकू ज्याचा नायक आहे त्या ‘ड्रॅगन बॉल’ या ॲनिमे मालिकेवरचा. आर्क सिस्टम वर्क्सने केलेला, बांदाई नामकोने 2018 मध्ये आणलेला. प्रत्येकाची तीन पात्रांची टीम, म्हणजे तीन विरुद्ध तीन. मी पीएस5वरची आवृत्ती घेतली आणि एक वही केली. डाव्या पानावर मालिका आवडते म्हणून मिळालेला आनंद, उजव्या पानावर खेळातून मिळालेला. एवढाच नियम.

पहिला आठवडा डावं पान भरभरून वाहिलं. मालिकेतल्या सेल या खलनायकाच्या स्पर्धेचं मैदान, समोर शेवटचा उरलेला सेल, माझ्याकडे गोकूचा मुलगा, छोटा गोहान, आणि निकाली फटका उभ्याने मारलेला हेवी, म्हणजे जोरदार फटक्याचं बटण. त्याबरोबर लढत थांबली आणि मालिकेतला तो प्रसंग उभा राहिला, गोहानच्या कामेहामेहामागे, म्हणजे हातांतून सोडलेल्या ऊर्जेच्या झोतामागे, बापाचा हात. माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी तो भाग मी किती वेळा पाहिला असेल! पण वहीत लिहिताना स्वतःला विचारलं, यात मी खेळाडू म्हणून काय केलं? एक बटण दाबलं. डावं पान.

दुसऱ्या आठवड्यात धाकट्या भावाला बसवलं. त्याने ड्रॅगन बॉलचा एकही भाग पाहिलेला नाही, आणि मला नेमका तसाच माणूस हवा होता. त्याने पिकोलो निवडला, हिरवा आहे म्हणून. पाच मिनिटांत त्याला आर2 सापडलं. ते सुपर डॅशचं बटण, दाबलं की पात्र कुठूनही थेट समोरच्यावर झेपावतं. मग तो तेवढंच करत सुटला. मी खाली दाबून हेवी मारत होते. वरून येणाऱ्या फटक्यांपासून ती चाल वाचवते आणि झेपावणाऱ्याला उडवून लावते. चार वेळा, पाच वेळा.

“ताई, मी येणार हे तुला आधी कसं कळतं?”

“तू दुसरं काही करतच नाहीस.”

तो गप्प बसला. पुढच्या राउंडला त्याने पिकोलोला हवेत उडी मारायला लावली आणि काहीच केलं नाही. मी सवयीने खालून हेवी मारला, हात हवेत गेला आणि सावरायला मला वेळ लागला. तेवढ्यात तो आत शिरला. कोणी न शिकवता, मालिकेचं काही माहीत नसताना, त्याने मला हूल दिली होती. उजव्या पानावर मी त्या दिवशी वेळसुद्धा लिहून ठेवली. माझ्या दृष्टीने गेम तिथेच पास झाला. बाकीचं सगळं किती गुणांनी, एवढंच ठरवणारं होतं.

पण मला अजून एक गोष्ट बघायची होती: फटका बसला की तो एवढा वजनदार का वाटतो? ट्रेनिंग मोडमधली एक क्लिप रेकॉर्ड केली आणि फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहिली. गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, पण पात्रं तशी हलत नाहीत. मूठ मागे खेचलेली, ते चित्र काही फ्रेम जागचं हलत नाही, आणि पुढच्याच फ्रेमला हात पूर्ण ताणलेला. मधलं काहीच नाही. मॉडेल थ्रीडी आहेत, तरी प्रत्येक पवित्रा माणसाने हाताने बसवलेला आणि दोन पवित्र्यांमधली जागा संगणकाकडून भरून घेतलेली नाही. याच स्टुडिओने आपल्या आधीच्या ‘गिल्टी गिअर एक्सर्ड’ या फायटिंग गेमसाठी ही पद्धत वापरली होती. त्यामुळे गेम हाताने काढलेल्या ॲनिमेसारखा दिसतो, हे झालं डावं पान. पण थबकलेला पवित्रा डोळ्यांना स्पष्ट वाचता येतो, म्हणून भावालाही काय येतंय ते कळत होतं. हे उजवं पान. त्या रात्री पहिल्यांदा मी दोन्ही पानांवर आडवी रेघ मारून एकच नोंद केली.

उणिवा लिहिताना हात आखडता घेतला नाही. स्टोरी मोड लांबलेला आहे, पात्रांच्या त्याच त्या क्लोनशी, म्हणजे नकलांशी, पुन्हा पुन्हा लढायचं. शेवटी शेवटी मी संवादांसाठीच खेळत होते. एकच बटण दाबत राहिलं तरी कॉम्बो, म्हणजे फटक्यांची साखळी, होतो, नवख्याला ते बरं, पण त्याने बऱ्याच पात्रांची लढाई सुरुवातीला सारखी दिसते. आणि गोकू फार आहेत. सुपर सायन, सुपर सायन ब्लू, नंतर साधा गोकू, ‘जीटी’ या नंतरच्या मालिकेतला, अल्ट्रा इन्स्टिंक्टवाला, शिवाय गोकू ब्लॅक. पूर्वीच्या अनुभवाने मी इथे जास्त कडक झाले, पण महिना न लावता आठवड्यातच यांच्यातले फरक हाताला जाणवले.

ऑनलाइनचा निकाल सगळ्यात शेवटी लावला. इथे खालून मारायचा हेवी बघून मारावा लागतो. बटण उशिरा पोचलं तर हूल आणि उत्तर हा सगळा खेळच उरत नाही. आधीच्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोचेपर्यंत गेम वाट बघायचा. 2024 मध्ये रोलबॅक आलं. आता गेम समोरच्याच्या चालीचा अंदाज धरून पुढे जातो आणि चुकला तर मागे येऊन दुरुस्त करतो. सलग सहा रात्री खेळले, माझे हेवी वेळेवर निघाले.

मग इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेची 2018 ची, सॉनिकफॉक्स आणि गो1 या दोन खेळाडूंमधली फायनल भावासोबत पाहिली. पात्रांची नावं त्याला अजून धड येत नव्हती, तरी गो1 कोपऱ्यात अडकला की तो पुढे सरकून बसायचा.

मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, एकटीने गोष्ट खेळायची असेल तर घेऊ नकोस. समोर बसणारं कोणी असेल तर नक्की घे, आणि ट्रेनिंग मोडला पहिले चार दिवस दे.

“तुझा भाऊ कोणाला घेऊन खेळतो?” तिने विचारलं.

“पिकोलो. आणि आजकाल तो झेपावत नाही, वाट बघतो.”

“मग मी येते रविवारी. आधी त्याच्याशी खेळते.”