बाजाररस्त्याचं रूप गाळ्याच्या रुंदीवर ठरतं

मुख्य बाजाररस्ता सुशोभित करायचं ठरलं की आधी दिवे बदलतात, मग फरशी उखडतात, शेवटी सगळ्या पाट्या एका रंगाच्या होतात. रस्ता कंटाळवाणाच राहतो. रूप ठरतं ते तळमजल्यावरच्या गाळ्यांच्या रुंदीवर.

पायी चालणारा ताशी पाच किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. सहा मीटरचा गाळा सव्वाचार सेकंदांत मागे पडतो आणि नवं दार, नवी काच समोर येते. चाळीस मीटरच्या कोऱ्या भिंतीला मात्र जवळजवळ अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढा वेळ बघायला काही नसलं की चाल आपोआप वाढते. डॅनिश वास्तुविशारद यान गेल शंभर मीटरला पंधरा ते वीस दारं असावीत असं म्हणतात, त्यामागे हाच हिशेब आहे. कोपनहेगनचा स्ट्रॉएट हा मुख्य बाजाररस्ता १९६२ मध्ये पादचाऱ्यांसाठी राखला गेला तेव्हा अरुंद दर्शनी भागांची ओळ तिथे आधीपासून होती. सलग भिंतीपुढच्या गाड्या हटवल्या तर नुसती फरशी उरते.

तेव्हा आराखड्याआधी दारं मोजा. एक बाजू, शंभर मीटर, आणि फक्त उघडी दारं. आकडा दहाच्या खाली आला तर बहुतेक वेळा गाळे जोडले गेलेले असतात: मधल्या भिंती काढून वर गर्डर टाकलेले, समोर एक सलग काच, तिच्यावर एक लांब पाटी. आत हवे तितके गाळे जोडावेत, पण दर्शनी बाजूचे मधले खांब जमिनीपर्यंत उतरलेले दिसू द्यावेत आणि पाटी खांबाखांबापाशी तोडावी. एवढ्यानेही जुनी लय बरीचशी टिकते.

जोडणीत आणखी एक गोष्ट जाते, आणि नुकसान खरं तिथे होतं: वरच्या मजल्याचा जिना. मीटरभर जादा काचेसाठी रस्त्यावरचं जिन्याचं दार बंद होतं. वर जायला वाट दुकानातूनच उरली की तिथे कोणी राहत नाही, कार्यालय येत नाही, मग गोदाम होतं. पन्हळ तुंबली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. कंगोऱ्याखाली ओलीचा काळा पट्टा दिसला की वरच्या खिडक्यांकडे बघा. त्या बऱ्याचदा कायमच्या बंद असतात.

शटरचा पत्रा गुंडाळायला दाराच्या वर फूटभर ते दीड फूट जागा लागते. ही पेटी बाहेरून ठोकली की ती झाकायला पाटी वाढते आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांचा उंबरठा गिळते. पेटी तुळईमागे आत घ्यावी, पट्ट्या जाळीच्या घ्याव्यात. रात्री आतला उजेड फूटपाथवर येतो. पाटी दुकानाच्या उंचीच्या पाचव्या हिश्शाहून मोठी नको.

इमारतींची उंची आणि रस्त्याची रुंदी यांचं प्रमाण १:१ ते १:२ असलं की रस्ता खोलीसारखा बंदिस्त वाटतो; १:४ च्या पुढे तो मैदान होतो, तिथे झाडांची रांग लावूनच कड आणावी लागते.

राहिली दारातली पायरी. पंधरा सेंटीमीटरची पायरी मोडायला १:१२ च्या उताराने १.८ मीटर लांबी लागते. ती फूटपाथवर टाकली तर चालायची वाट अडते, म्हणून दार आत सरकवून उतार गाळ्याच्या हद्दीत घ्यावा. दुकानदाराची काही चौरस फूट जागा जाते खरी, पण आत ओढलेल्या त्या दाराशी दोन्ही बाजूंना काचेचे दोन जास्तीचे कोपरे मिळतात.